ग्रहणातले टाळ

डॅलस, १२ एप्रिल २०२४

चि. चिऊस, अनेक आशीर्वाद.

परवाचे खग्रास सूर्यग्रहण पाहून घरी आल्यावर तू विचारलेस, "ग्रहणात आजी नदीवर बसून टाळ का वाजवायची? त्याने सूर्य सुटतो का?"

सूर्य टाळांनी सुटत नाही, आणि हे आजीच्या भजनी मंडळालाही ठाऊक होते; स्पर्श (ग्रहण लागणे) केव्हा आणि मोक्ष (ते सुटणे) केव्हा, हे पंचांगात मिनिटांसह छापलेलेच असते. वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा पाळायचा काळ, लागले की स्वयंपाक आणि जेवण बंद होते, ग्रहणात झोपायचेही नसते. मग तो पर्वकाळ नामस्मरणात घालवावा अशी रीत आहे, आणि एकट्याने जपमाळ ओढण्यापेक्षा चारचौघींत भजन म्हणणे सोपे जाते.

२४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण मी वाईच्या घाटावर पाहिले. दिवाळीतली अमावास्या होती. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात आणि ग्रहण सकाळचे होते, म्हणून आदल्या संध्याकाळीच आजीने चकल्या-लाडवांच्या डब्यांत तुळशीपत्रे घातली. (लहान मुलांना वेधांत सूट असते हे मला कोणी सांगितले नाही, याचा राग अजून आहे.) स्पर्शाचे स्नान करून बायका ओल्या केसांनी कृष्णेच्या पायऱ्यांवर बसल्या, एक पेटी, एक मृदंग आणि सात-आठ जोड टाळ. ऊन राखट होत गेले तसा आवाज चढत गेला, आणि पेटीवरच्या काकू मधूनच घड्याळ पाहून म्हणत, "मोक्षाला वेळ आहे, अजून एक अभंग होईल."

मोक्षानंतर पुन्हा स्नान झाले आणि रस्त्यावरून हाक आली, "दे दान, सुटे गिराण!" ही हाक मातंग समाजातील माणसे देत, आणि त्यांना धान्य व जुने कपडे दुरूनच घातले जात. पायऱ्यांवर त्यांना कोणी बसवले नव्हते, हे मला तेव्हा खटकले नाही. आता टाळांबरोबर तेही आठवते.

परवा आपल्याकडे अंधारले तेव्हा वाईत मध्यरात्र उलटली होती. जिथे ग्रहण दिसत नाही तिथे ते पाळायचे नसते, म्हणून आजी सकाळच्या गुढीची तयारी करून निवांत झोपली होती. इथे मैदानावर शुक्र दिसला, मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि त्या जेमतेम चार मिनिटांत तू मागे वळून विचारलेस, "आई, पाठीवर काय वाजवतेस?" टाळ नव्हते, म्हणून तुझ्या पाठीवर ठेका धरला होता.

तुझी आई