वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन वंशद्वेषाची तक्रार कुणाकडे, कशी?

प्रश्न : भारत संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी करारात आहे. मग इंटरनेटवरच्या वंशद्वेषी मजकुराची तक्रार थेट जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे, करता येते का? (पुणे)

करार 21 डिसेंबर 1965 रोजी आमसभेत मंजूर झाला आणि भारताने तो 1968 मध्ये मान्य केला. पण त्याच्या 18 तज्ज्ञांच्या समितीकडे एकट्या माणसाने तक्रार करायची, तर त्याच्या देशाने कलम 14 खाली तशी मुभा दिलेली असावी लागते. भारताने ती दिलेली नाही. शिवाय ही तक्रार लिहिणाऱ्याविरुद्ध नसतेच. 'आमच्या सरकारने आम्हाला संरक्षण दिलं नाही' एवढंच तिथे मांडता येतं, तेही देशातली कोर्टकचेरी संपल्यावर सहा महिन्यांच्या आत.

भारतातल्या माणसाला खुला असलेला मार्ग दुसरा आहे : वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ. हे पद 1993 पासून आहे. 2022 मध्ये तिथे भारताच्याच अश्विनी के. पी. यांची नेमणूक झाली. त्यांच्याकडे जाण्याआधी कोर्टाची पायरी चढलेली असावी अशी अट नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्यात काय, कधी, कुठे, कुणी हे क्रमाने लिहायचं. दुसऱ्यासाठी अर्ज करत असाल तर पीडिताची संमती घ्या. प्रतिवेदक सरकारला किंवा कंपनीला पत्र लिहून जाब विचारतात. साधारण 60 दिवसांनी ते पत्र जाहीर होतं. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पीडिताचं नाव मात्र पत्रात येतं, म्हणून ते जाहीर व्हायला नको असेल तर अर्जातच तसं लिहा. नुसत्या वर्तमानपत्री बातम्यांवर बेतलेला अर्ज चालत नाही. शिवराळ भाषेतलाही नाही, आणि रागाच्या भरात अनेकांचं तिथेच फसतं.

प्रश्न : मी म्युनिकला राहते. गणपती मिरवणुकीच्या व्हिडिओखाली भारतीयांना 'झुरळं' म्हणून 'चिरडून टाका' अशा कमेंट आल्या. रिपोर्ट केलं तर 'आमच्या नियमांचा भंग होत नाही' असं उत्तर आलं. पुढे काय?

बहुधा तुम्ही कंपनीच्या घरच्या नियमांखाली रिपोर्ट केलंत. युरोपीय संघात डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू आहे. त्यामुळे 'बेकायदा मजकूर' कळवण्याची वेगळी सोय कंपनीला द्यावी लागते. ती मेनूत जरा आत दडलेली असते, शोधा. तिथे चार गोष्टी हव्यात : त्या कमेंटची नेमकी लिंक (व्हिडिओची नव्हे), ती बेकायदा का याचं कारण, तुमचं नाव व ईमेल, आणि माहिती खरी असल्याचं विधान. कारणात जर्मन दंडसंहितेचं कलम 130 लिहा. एखाद्या गटाविरुद्ध द्वेष भडकावणं किंवा हिंसेची चिथावणी देणं हा त्याखाली गुन्हा आहे.

'झुरळं' हा शब्द का गंभीर, हेही दोन ओळींत सांगा. रवांडात 1994 च्या वंशसंहारावेळी रेडिओवरून तुत्सींना 'इन्येंझी', म्हणजे झुरळं, म्हटलं जात होतं. त्या प्रसारणाच्या खटल्यात रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये संबंधितांना दोषी ठरवलं. कमेंट रोमन लिपीतल्या मराठी-हिंदीत असेल तर अर्थ तुम्हीच लिहून द्या. तपासणाऱ्याला तो कळेल हे गृहीत धरू नका.

नकार आला तर कंपनीकडेच अपील करता येतं. त्यासाठी निदान सहा महिने मुदत असते. नंतर कोर्टाबाहेरच्या मान्यताप्राप्त तंटा-निवारण संस्थेकडे जाता येतं. तिथे तक्रारदाराला खर्च जवळपास पडत नाही, पण तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो.

यात एक फसगत सांगायलाच हवी. तुमचा व्यक्तिगत अपमान झाला असेल (जर्मन दंडसंहितेचं कलम 185) तर गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत पोलिसांकडे रीतसर फिर्याद द्यावी लागते. कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसलं की ही मुदत निघून जाते. पोलिसांची ऑनलाइन तक्रार त्याच आठवड्यात करा. दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

प्रश्न : जातीवरून केलेला ऑनलाइन द्वेष 'वंशभेदा'त मोडतो का? (नागपूर)

वंशभेदविरोधी कराराची समिती म्हणते हो, भारत सरकार म्हणतं नाही. गंमत अशी की करारातल्या कलम 1 मध्ये 'डिसेंट', म्हणजे जन्मकूळ, हा शब्द आला तोच भारताच्या सूचनेवरून. संयुक्त राष्ट्रांच्या 2001 च्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेत मात्र जातीचा विषय येऊ नये म्हणून भारताने जोर लावला. 2002 मध्ये समितीने 29 व्या सर्वसाधारण शिफारशीत जात या शब्दाखाली येते असं स्पष्ट केलं.

प्रत्यक्षात तुमच्या हाती अ‍ॅट्रॉसिटी कायदाच जास्त उपयोगी. कलम 3(1)(आर) व्यक्तीच्या अपमानासाठी आहे, आणि तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. दोघांमधल्या खासगी चॅटला ते लावलं तर टिकणं कठीण. 3(1)(यू) समाजाविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी आहे. अनेक फिर्यादींत ही दोन कलमं एकमेकांच्या जागी घातलेली असतात आणि बचाव पक्ष नेमकं तेच पकडतो. कलम 18-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे ठाण्यात शांतपणे सांगा.

प्रश्न : स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पुरतो का? (कोल्हापूर)

एकटा पुरत नाही. आधी कमेंटच्या वेळेवर क्लिक करून तिची स्वतंत्र लिंक घ्या. मग शक्यतो संगणकावरून, अ‍ॅड्रेस बार आणि घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. प्रोफाइल उघडून हँडल (@ ने सुरू होणारं खात्याचं नाव) टिपा, कारण दिसणारं नाव माणूस क्षणात बदलतो. वरची मूळ पोस्टही घ्या, नाहीतर संदर्भ तुटतो. हे सगळं उत्तर देण्याआधी आणि रिपोर्ट करण्याआधी. उत्तर दिलंत की समोरचा कमेंट पुसतो किंवा तुम्हाला ब्लॉक करतो.

मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. अ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, मग हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठरावीक अक्षर-अंकांचा ठसा) जुळत नाही. आणि हॅश लागतोच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात तो लिहायचा असतो. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. असं प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे जालन्याच्या खोतकर–गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-बी बाबत ठामपणे सांगितलं आहे.

काढून टाकलेल्या मजकुराची नोंद कंपनीने भारतीय नियमांनुसार 180 दिवस जपायची असते. पोलिसांचं पत्र त्यानंतर गेलं तर हाती काही लागेलच असं नाही.

प्रश्न : मग कडक टीका आणि द्वेष यांत फरक कसा करायचा? (मडगाव)

संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या रबात कृती आराखड्यातल्या सहा कसोट्या वापरतात : संदर्भ, बोलणारा कोण, हेतू, मजकूर व त्याचं रूप, पोहोच आणि हानीची शक्यता. गुन्हेगारी कारवाईसाठी सहाही तपासायच्या. पाच फॉलोअर असलेल्या चिडक्या माणसाचं वाक्य आणि निवडणुकीच्या तोंडावर नेत्याने व्यासपीठावरून म्हटलेलं तेच वाक्य एका मापाने मोजलं जात नाही. सरकारवर, धर्मावर किंवा रूढीवर केलेली जहाल टीका ही द्वेष नव्हे. त्या समाजाच्या माणसांना त्रास द्या, हाकला, मारा असं सुचवलं गेलं की मामला बदलतो.