कॅलेंडरात सापडलेला क्ष

प्रश्न: सर, आम्ही विश्रामबाग, सांगलीला राहतो, मुलगी सातवीत आहे. बैजिक राशींची उदाहरणं घोकून सोडवते, पण परवा 2क्ष + 3 = 5क्ष असं लिहून आली आणि वर मलाच विचारते, क्ष म्हणजे नक्की काय गं आई? मला काही सांगता आलं नाही. कोड्यांमधून शिकवावं म्हणते, पण हे म्हणतात स्कॉलरशिपची परीक्षा द्यायची आहे, कोडी सोडवत बसली तर पोर्शन कधी होणार. काय करू?

उत्तर: ताई, मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तिला रागावू नका. आधी ती चूक बघू. तिला म्हणा, क्ष च्या जागी 4 ठेव. एकीकडे 11 येतात, दुसरीकडे 20, म्हणजे दोन्ही सारखं नाही हे तिचं तिलाच दिसेल, लाल पेन लागणार नाही.

आता कोडं. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढा, ज्यावर आपण दुधाचा हिशोब लिहितो तेच, आणि चार तारखांचा एक चौकोन पेन्सिलीने आखायला सांगा. समजा तिने 9, 10, 16, 17 घेतले. कोपऱ्यातले समोरासमोरचे आकडे गुणायचे, 9 × 17 = 153 आणि 10 × 16 = 160, फरक 7. दुसरा चौकोन घेतला तरी 7, महिना बदलला तरी 7, वार उभे छापलेले असोत नाहीतर आडवे, तरी 7च. पाच-सहा चौकोन झाले की पोरं आपणहून विचारतात, हे कायमच येणार का? तोवर क्ष चं नावही काढू नका. मग म्हणा, सगळ्यात लहान तारीख क्ष धर, बाकीच्या तीन कशा लिहिशील? क्ष + 1, क्ष + 7, क्ष + 8. एक गुणाकार क्ष चा वर्ग + 8क्ष, दुसरा क्ष चा वर्ग + 8क्ष + 7. क्ष म्हणजे कुठलीही तारीख, हे तिथे तिला कळतं, व्याख्या पाठ करून नाही कळत.

आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, यात दोन कंसांचा गुणाकार झालाच की, तो पोर्शनच आहे, फक्त करायला कारण मिळालं.

शनिवारी-रविवारी अर्धा तास पुरे. एखाद्या दिवशी 15 द्या आणि म्हणा, लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून आण: 7 + 8, 4 + 5 + 6, 1 + 2 + 3 + 4 + 5, तिन्ही चालतात. मग 16 द्या. तो जमत नाही, का नाही ते आठवडाभर शोधू दे, आणखी कुठले आकडे जमत नाहीत तेही (2, 4, 8 हे तिचे तीच काढेल). उत्तर सांगायची घाई आपल्यालाच होते, तेवढी आवरा.

कॅलेंडरचं कोडं मात्र लवकर सोडू नका. तीन बाय तीनच्या चौकोनाचे फक्त कोपरे घेतले की फरक 28, चार बाय चारला 63. आता पाच बाय पाच विचारा. ती शोधत बसेल आणि म्हणेल बसतच नाही, कारण 1 तारखेपासून धरलं तरी शेवटचा कोपरा 33 वर जातो. कागदावर क्ष घेऊन कर म्हणा: क्ष, क्ष + 4, क्ष + 28, क्ष + 32. फरक 112 येतो, कुठल्याच महिन्यात नसलेल्या चौकोनाचा. तेव्हा तिचा चेहरा नक्की बघा.