मजबूत हात नव्हे, मजबूत पानं

गिरगावातून प्रश्न आलाय: ऑनलाइन पोकरच्या टूर्नामेंटमध्ये एक्क्यांची जोडी असूनही बाहेर पडलो. या ‘बॅड बीट’ला, म्हणजे चांगली पानं असूनही नशिबाने हरण्याला, मराठीत काय म्हणायचं? ‘मजबूत हात असून हात दाखवून अवलक्षण झालं’ हे चालेल का?

नाही. दोन्ही हात चुकलेत.

‘मजबूत हात’ हल्ली सारखं कानावर पडतं आणि दरवेळी खटकतं. पत्त्यांत आपण डोळ्यांपुढे धरतो ती पानं. हात म्हणजे जिंकून उचललेली फेरी. विरार लोकलमध्ये मांड्यांवर पुठ्ठा टाकून मेंढीकोट खेळणाऱ्या कुणालाही विचारा: मेंढ्या (चार दश्श्या) दोन-दोन वाटल्या गेल्या, की १३ पैकी ७ हात करणारी जोडी जिंकते. पाच-तीन-दोनचं तर नावच हातांवरून पडलंय. पानं येतात, हात करावा लागतो. ‘हात असून हरलो’ म्हणजे जिंकून हरलो! पोकरात असे हात नसतातच, तेव्हा सरळ म्हणा: पानं चांगली होती, डाव गेला.

‘हात दाखवून अवलक्षण’ ज्योतिषातलं. कुणी मागितला नसताना तळहात पुढे करायचा आणि वाईट ऐकून घ्यायचं, म्हणजे दोष स्वतःचा. एक्क्यांची जोडी घेऊन रेझ न करता (बोली न वाढवता) नुसता कॉल केला (आहे तेवढीच बोली भरली), चार जण स्वस्तात आत आले आणि त्यांतल्या एकाने मारलं, तर ही म्हण लागू. कुठलीही पानं असलेल्या एका खेळाडूपुढे एक्के शंभरात ८५ वेळा जिंकतात, चौघांपुढे जेमतेम ५६. पण तुम्ही ऑल-इन गेलात, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्यात, समोर राजांची जोडी निघाली आणि रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या सामाईक पानाला, तिसरा राजा पडला, तर त्यात कसलं अवलक्षण? ती लढत ८२ विरुद्ध १८ ची. टूर्नामेंटमध्ये सगळ्या चिप्स लावून ८० टक्क्यांच्या लढती पाच वेळा खेळलात, तर पाचही जिंकून टिकण्याची शक्यता ३३ टक्केच उरते. याला ‘दान उलटं पडलं’ म्हणा. सोंगटीच्या पटावरचा शब्द आहे, चपखल बसतो.

खरी गंमत पुढे आहे. असा डाव गेल्यावर माणूस बिथरून वाट्टेल त्या पानांवर चिप्स लोटतो. त्याला ‘टिल्ट’ कशाला म्हणायचं? ‘अंगात कली शिरला’ म्हणा. यातला कली म्हणजे कलह, असं कोशातला एक अर्थ वाचून सांगणारे पंडित भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. कलह पेटतो, माजतो. अंगात शिरत नाही. हा कली नळाच्या गोष्टीतला, महाभारताच्या वनपर्वातला. बारा वर्षं टपून बसला आणि नळ पाय न धुता संध्येला बसला त्या दिवशी शिरला. सोबतच्या द्वापराला त्याने फाशांत शिरायला सांगितलं. बघा, फाशांत शिरला तो द्वापर आणि माणसात शिरला तो कली: बॅड बीट आणि टिल्ट यांतला फरक! शिवाय कृत, त्रेता, द्वापर, कली ही फाशांच्या दानांचीही नावं, आणि कली सगळ्यांत हलकं दान.

हा कली निघाला कसा? राजा ऋतुपर्णाने बेहड्याच्या दोन फांद्यांवर ५ कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत असं पाहूनच सांगितलं. ती विद्या, अक्षहृदय (फाशांचं मर्म), नळाने घेतली आणि कली त्याच्या अंगातून निघून त्याच बेहड्यात जाऊन बसला. वैदिक जुगारी फासे म्हणून वापरत ती याच झाडाची फळं.

ऋतुपर्णाच्या नावातच पर्ण आहे आणि आपलं ‘पान’ही पर्णावरूनच आलेलं. म्हणून ‘आउट्स’ काढण्याला, म्हणजे डाव फिरवू शकतील अशी किती पानं उरली ते मोजण्याला, मराठीत ‘पानं मोजणे’ म्हणावं असा माझा आग्रह आहे. त्याच एक्के-राजांच्या लढतीत टर्ननंतर, म्हणजे चौथं सामाईक पान उघडल्यावर, दोघांची पानं उघडी असतील तर न दिसलेली पानं ४४, त्यांत राजे २. म्हणजे सरासरी २२ डावांत एकदा तो राजा पडतो.