क्रोन्सच्या आजारात (आतड्याला वारंवार सूज येणारा जुनाट आजार) बायोलॉजिक इंजेक्शन, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेलं प्रथिनाचं औषध, घेतल्याचा कुणाला अनुभव आहे का? फार त्रास होतो का, आणि ते आयुष्यभर घ्यावं लागतं का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं की धाकट्या भावाला क्रोन्स आहे, स्टेरॉइड कमी करायला घेतलं की जुलाब आणि कळा परत येतात, म्हणून डॉक्टरांनी अडॅलिम्युमॅब हे बायोलॉजिक सुचवलंय आणि घरातले इंजेक्शनच्या नावानेच धास्तावलेत. मी हेच इंजेक्शन काही वर्षांपासून घेते आहे. डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा त्या बेतानेच वाचा.

सुईला घाबरू नका. तिचा त्रास नगण्य आहे. काळजी घ्यायची ती पहिली सुई टोचायच्या आधी, आणि आपल्या देशात त्या काळजीचं नाव टीबी.

लहान आतडं जिथे संपतं आणि मोठं सुरू होतं, नेमकी तीच जागा क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दोघंही धरतात. कोलोनोस्कोपीत दोन्हीकडे व्रण दिसतात, बायोप्सीत दोन्हीकडे ग्रॅन्युलोमा (पेशींची बारीक गाठ) येऊ शकतो. म्हणून निदान स्पष्ट नसेल तर आपल्याकडे बऱ्याच जणांना आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघतात. मलाही दिल्या होत्या. तेव्हा घरात चरफड झाली, 'नक्की काय झालंय ते या डॉक्टरांनाच कळत नाही' वगैरे. पण उलटी चूक किती महागात पडली असती बघा. टीएनएफ नावाचं प्रथिन आतड्यातली सूज भडकवतं, आणि तेच प्रथिन शरीरात दडलेल्या टीबीच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवायलाही लागतं. अडॅलिम्युमॅब आणि त्याच गटातलं इन्फ्लिक्सिमॅब ही औषधं हे प्रथिन निकामी करतात. सूज उतरते, पण कोंडलेला टीबी मोकळा सुटू शकतो.

म्हणून छातीचा एक्स-रे, लपलेला टीबी शोधायची मांटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही एवढं झाल्याशिवाय कुणी इंजेक्शन देत असेल तर थांबा आणि विचारा. लपलेला टीबी निघाला तर घाबरण्यासारखं नाही. त्याच्या गोळ्या सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन सुरू करतात. आणि चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणजे कायमची सुटका झाली असं नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, वजन उतरलं, तर 'क्रोन्सचंच असेल' म्हणून घरी बसायचं नाही.

आता प्रत्यक्ष इंजेक्शन. पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४० हा नेहमीचा हिशोब. ४० चं एक पेन (औषध आधीच भरलेलं तयार इंजेक्शन) धरलं तर पहिल्याच दिवशी चार टोचण्या होतात. भावाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढेही दरवेळी चारच असं समजून तो हबकेल. पेन फ्रीजमधून अर्धा तास आधी काढून नुसतं ओट्यावर ठेवायचं. गरम पाण्यात बुडवायचं नाही. गारच टोचलं तर जास्त चरचरतं. मांडीचा वरचा भाग किंवा पोट, बेंबीपासून चार बोटं लांब. मी मांडीत घेते, डावी-उजवी आलटून पालटून. कातडी चिमटीत धरायची, पेन काटकोनात दाबायचं, खट्ट आवाज येतो आणि मग खिडकीतली रंगीत पट्टी पूर्ण सरकेपर्यंत उचलायचं नाही. आग होते ती तेवढा वेळच. काही कंपन्यांच्या औषधात सायट्रेट नावाचा घटक मिसळलेला असतो, ते जास्त झोंबतं. सायट्रेट नसलेलं मिळतंय का ते विचारा. नंतर कधी लाल चट्टा उठतो, बर्फाने बसतो. चोळायचं मात्र नाही.

साठवणुकीचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलं की फेकायचं, वितळवून चालत नाही. आमच्याकडे ते स्टीलच्या डब्यात मधल्या कप्प्यात असतं. डब्यावर आईने 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे, त्यामुळे प्रत्येक पाहुणा तो उघडून बघतो. काही पेनांच्या माहितीपत्रकात 'बाहेर १४ दिवस चालतं' असं असतं, पण ते २५ अंशांपर्यंतच. मे महिन्यात आपल्याकडे घरात २५ अंश कुठून आणणार? दुकानदाराकडून थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या जेल पॅकसकटच घ्या, आणि तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात राहत असाल तर एका वेळी एकच घ्या.

गुण किती दिवसांत येतो? मला आधी जेवणाची भीती गेली. ताट समोर आलं की पोटात गोळा यायचा, तो यायचा थांबला. जुलाब त्यानंतर कमी झाले. कुणाला दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो, कुणाला तीन महिने लागतात, आणि काहींना लागूच पडत नाही. काहींना पडतं, मग शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि गुण ओसरतो. तेव्हा रक्तातली औषधाची पातळी तपासून डोस वाढवतात किंवा औषध बदलतात. व्हेडोलिझुमॅब नावाचं औषध मुख्यतः आतड्यापुरतं काम करतं, उस्टेकिनुमॅब नावाच्या औषधाची काम करायची वाट वेगळी आहे. म्हणजे एक दार बंद झालं तरी पुढची आहेत. नुसत्या 'बरं वाटतंय' वर जाऊ नका, रक्तातलं सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन ही सूज दाखवणारी प्रथिनं अधूनमधून तपासा. पोट शांत असूनही आत सूज असू शकते.

ताप, दाताचा गळू, जुलाबाचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक चालू असेल, तर त्या पंधरवड्याचं इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. हा एक नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

आयुष्यभर का? बहुतेकांना बरीच वर्षं, हे खरं. बंद केल्यावर आजार उलटण्याची शक्यता चांगलीच असते. 'इंजेक्शनची सवय लागते' असं शेजारीपाजारी म्हणतील. सवय बिवय काही लागत नाही. मधुमेहाच्या गोळीला कुणी सवय म्हणत नाही. स्वतःहून मध्येच सोडून पुन्हा सुरू करणं मात्र वाईट, त्यानेच अँटिबॉडी बनण्याची शक्यता वाढते.

पैशांचं बोलायलाच हवं. मूळ कंपनीच्या औषधापेक्षा बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, बरंच स्वस्त पडतं, आणि यात भारत पुढे होता. अडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ च्या डिसेंबरात झायडसने इथेच बाजारात आणलं. मीही बायोसिमिलरच घेते, ते कमअस्सल असतं हा समज सोडा. मेडिक्लेमबाबत, विमा नियामकाने २०१९ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या (अडॅलिम्युमॅब याच प्रकारचं) इंजेक्शनचा समावेश आधुनिक उपचारांच्या यादीत केला, पण पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा असू शकते, आणि घरी स्वतः टोचलेलं बहुतेक कंपन्या देत नाहीत. इन्फ्लिक्सिमॅब सहसा सलाईनमधून हॉस्पिटलात देतात, त्यामुळे त्याचा क्लेम तुलनेने सोपा जातो. दोन्हींपैकी कोणतं हे ठरवताना डॉक्टरांना हा मुद्दा उघडपणे सांगा, त्यांना त्यात वावगं वाटत नाही.

भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती आधी सुटली पाहिजे, क्रोन्स तिने बळावतो. आणि लसींचं आत्ताच विचारा. कांजिण्यांसारख्या जिवंत लसी इंजेक्शन सुरू झाल्यावर घेता येत नाहीत. फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बीच्या नंतरही चालतात.