वाचक विचारतात : रेघांची जाडी, फॉन्ट आणि मराठी टेम्प्लेट

प्रश्न : ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली आमची तुटक रेषा प्रिंटवर कधी सलग उमटते, तर कधी एकाच पानावरच्या दोन व्ह्यूंमध्ये तिचे तुकडे लहान-मोठे येतात. रेघांची जाडीही प्रत्येक जण वेगळी सांगतो. नेमका नियम काय?

उत्तर : आधी स्क्रीन बाजूला ठेवा. नियम आहे तो छापलेल्या कागदावरच्या मिलिमीटरांचा. आयएसओ १२८ या तांत्रिक ड्रॉइंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात जाड्यांची मालिका ठरलेली आहे : ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १, १.४ आणि २ मिमी. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतकी. ए-मालिकेतल्या कागदांच्या बाजूही याच पटीत वाढतात. म्हणून ए२ वरचे ड्रॉइंग ए३ वर छापले की ०.५ ची रेघ ०.३५ होते आणि मालिकेतच राहते. ही आखणी मला आजही फार देखणी वाटते. मी ट्रेसिंगवर शाईच्या पेनांनी काम शिकले. ०.२५ चे पेन पांढऱ्या खुणेचे, ०.३५ चे पिवळ्या, ०.५ चे तपकिरी. टोपणाकडे नजर गेली की जाडी कळायची.

यंत्रभागांच्या ड्रॉइंगमध्ये जाड आणि बारीक रेघेचे प्रमाण दोनास एक असते. दिसणाऱ्या कडा ०.५, लपलेल्या कडा, मध्यरेषा, मापरेषा, हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा) ०.२५; अक्षरे आणि आकडे ०.३५. हा झाला एक गट. मोठ्या पानांवर ०.७, ०.३५ आणि ०.५ चा गट घ्या, पण एका ड्रॉइंगमध्ये एकच. गट मिसळलेले ड्रॉइंग मी तपासायला घेतच नाही, कारण त्यात कोणती रेघ कडेची आणि कोणती मापाची हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागते.

आता तुटक रेषा. तिचा तुकडा जाडीच्या १२ पट आणि फट ३ पट. म्हणजे ०.२५ च्या रेघेला ३ मिमी तुकडा, पाऊण मिमी फट. मध्यरेषेचा लांब तुकडा २४ पट, म्हणजे ६ मिमी. ऑटोकॅडमधल्या आयएसओ लाइनटाइप, म्हणजे रेघांचे तयार नमुने, १ मिमी पेनासाठी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे ०.२५ च्या रेघेसाठी स्केलही ०.२५ हवे. ते १ राहिले तर १२ मिमीचा तुकडा आखूड कडेवर बसत नाही आणि रेघ सलग उमटते. उलट बाजूनेही हेच घडते : इंचांच्या फाइलमधली ‘डॅश्ड’ अर्ध्या एककाची असते, मिमीच्या ड्रॉइंगमध्ये तो तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि फटी दिसेनाशा होतात. ‘मेझरमेंट’ हे व्हेरिएबल (सेटिंग) १ करा आणि लाइनटाइप मेट्रिक फाइलमधून पुन्हा लोड करा. दोन व्ह्यूंमधल्या फरकासाठी ‘पीएसएलटीस्केल’ हे सेटिंग १ करून सगळे व्ह्यूपोर्ट (पानावरच्या व्ह्यूंच्या खिडक्या) ‘रीजन’ आज्ञेने पुन्हा काढून घ्या.

प्रश्न : फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे टेम्प्लेट (पानाचा तयार साचा) मराठीत केले. माझ्याकडे छान दिसते, दुसऱ्या संगणकावर अक्षरे बदलतात आणि चौकटीबाहेर जातात. शिवाय शीर्षक आपोआप भरणारा जुना मॅक्रो (छोटा प्रोग्राम) चालेनासा झाला.

उत्तर : मॅक्रोचे कारण बहुधा साधे आहे. हे टेम्प्लेट म्हणजे एसव्हीजी, म्हणजे रेखाचित्राची, फाइल. त्यात भरायच्या प्रत्येक जागेला ‘एडिटेबल’ हा गुणधर्म आणि त्यात एक नाव असते. छापली जाणारी लेबले खुशाल मराठी करा, त्या नावाला हात लावू नका. मॅक्रो जागा त्याच नावाने शोधतो.

फॉन्टचे दुखणे खोल आहे. एसव्हीजी असो वा डीएक्सएफ ही कॅड ड्रॉइंगची फाइल, टाइप केलेल्या मजकुराबरोबर साधारणपणे फॉन्टचे फक्त नाव जाते. समोर तो नसेल तर संगणक जवळचा कुठलाही लावतो. नोटो सान्स देवनागरी मोफत आहे. सगळ्या संगणकांवर तोच बसवा आणि बाहेर पाठवताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टच्या मागे मराठीसाठी लागूच नका. त्यात एका सांकेतिक क्रमांकाला एक आकृती एवढीच सोय असते, जोडाक्षरे जुळत नाहीत.

अक्षरांच्या उंचीसाठी आयएसओ ३०९८ आहे : २.५, ३.५, ५, ७ मिमी अशी चढण, आणि बी प्रकारात रेघेची जाडी उंचीच्या दहाव्या भागाइतकी. ३.५ मिमीला ०.३५, वरच्या गटाशी बरोबर जुळते. या मानकात लॅटिन, ग्रीक, सिरिलिक लिप्यांचे भाग आहेत, देवनागरीचा नाही. तेव्हा माझ्या अनुभवाने सांगते, मराठी लेबल ३.५ च्या खाली नेऊ नका. २.५ मध्ये शिरोरेषा आणि मात्रा एकमेकींत मिसळतात, झेरॉक्स काढल्यावर तर रफारही उरत नाही.

टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरची नाव-क्रमांकाची चौकट, मात्र रुंद करू नका. तिच्यासाठीच्या आयएसओ ७२०० या मानकाची १८० मिमी रुंदी ए४ मध्ये डावीकडे २० आणि उजवीकडे १० मिमी सोडून उरते तेवढीच आहे. लेबल आखूड करा : ‘तपासणाऱ्याचे नाव’ ऐवजी ‘तपासणी’ पुरते.

प्रश्न : मग मापेही देवनागरी आकड्यांत द्यावीत का?

उत्तर : नकोत. देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, आणि व्हर्नियरवर, मशिनच्या पॅनेलवर इंग्रजी आकडेच असतात. ‘सर्व धारदार कडा मोडा’ ही टीप मराठीत जरूर लिहा, पुढचे माप इंग्रजी आकड्यांत. ड्रॉइंग क्रमांकालाही हेच लागू, कारण बहुतेक ठिकाणी फाइलचे नावही त्यावरूनच पडते.