एकांकिकेतल्या दोघांनी ‘बंधन नाही’ असं ठरवलंय, तरी ती दुखावते. चूक कुणाची दाखवू?

तुमचा प्रश्न असा: संभाजीनगरात नोकरी करणारे अश्विनी आणि वैभव. लग्नाचं नाव काढायचं नाही, दुसऱ्या कुणाला भेटावंसं वाटलं तर भेटायचं, असं दोघांनी उघड ठरवलेलं. काही महिन्यांनी तो नम्रतालाही भेटतो हे अश्विनीला कळतं आणि ती कोसळते. तालमीत निम्मे तिला मूर्ख म्हणतात, निम्मे त्याला नालायक. चूक कुणाची दाखवायची?

सध्याच्या संहितेत कुणाचीच नाही, आणि म्हणूनच तालमीत भांडणं होतात. दुसरीला भेटायचं हे ठरलेलंच होतं. ठरलेली गोष्ट घडली म्हणून पात्र रडलं, तर शेवटच्या रांगेतला माणूस ‘मग ठरवलं कशाला?’ असं विचारणार, आणि त्याचं बरोबरच आहे. दुखण्याचं कारण बदला. कुणी कुणाला भेटायचं एवढंच ठरावात असतं. चार महिन्यांत ज्या सवयी लागतात त्यांच्याबद्दल कुणी काही ठरवत नाही. त्यातली एक सवय हुडका आणि ती मोडा.

तुमच्या शहरात ती आयती पडलीय. जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही. भागाभागाचे टप्पे असतात, मध्ये काही दिवसांचा खंड, आणि येण्याची वेळ कधीकधी पहाटे तीनची. अश्विनीला सिडकोत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू द्या. पाण्याला दाब नाही, म्हणजे खाली मोटारीपाशी एक माणूस आणि वर नळी धरायला एक माणूस लागतो. टाकी, दोन ड्रम, मग हंडे-बादल्या, या क्रमानं. एकटीनं करायचं तर जिन्यावरून पळापळ होते, नळी ड्रममधून निसटते, खोलीत पाणी होतं आणि खालून घरमालकीण ओरडते. रंगमंचावर हे दाखवायला एक चौथरा आणि एक नळी पुरते.

वैभवला बजाजनगरला ठेवा. तिथं एमआयडीसीचं पाणी, त्याला या टप्प्यांशी देणंघेणं नाही. तरी पाणी आलं की तो गाडी काढून सिडकोत येतो. ठरावात हे नव्हतं. त्यानं वचन दिलेलं नाही, तिनं मागितलेलं नाही. पहिल्यांदा तो सहज आला, दुसऱ्यांदा तिनं नुसतं ‘आलं’ एवढाच मेसेज टाकला, तिसऱ्यांदा त्यानंच ‘उद्या तुमचा टप्पा ना?’ असं विचारलं. या तिन्ही गोष्टी दाखवा, पण तिसरी अर्ध्या मिनिटात उरका.

नम्रता गारखेड्यात राहते. टप्पा वेगळा, त्यामुळं वैभव दोन्हीकडं नळी धरू शकतो, काही न लपवता. मग जायकवाडीच्या पंपगृहाची वीज जाते, टप्पे पुढं सरकतात, आणि सिडको-गारखेडा दोन्हीकडं एकाच रात्री पाणी येतं. तो गारखेड्याला जातो. अश्विनी दोनदा फोन करते, तो उचलत नाही. सकाळी मेसेज येतो: ‘झोप लागली गं.’

आता तिला कळायचं कसं? फोन चाळून नको, शेजारी राहणाऱ्या मैत्रिणीकडून नको. ही दोन्ही साधनं स्पर्धांमध्ये झिजून गुळगुळीत झालीत. त्याच्याच तोंडून निसटू द्या: ‘काल गारखेड्यातपण दाब नव्हता.’ बजाजनगरच्या माणसाला गारखेड्याचा दाब कसा ठाऊक? प्रेक्षकाला हे अश्विनीच्या आधी क्षणभर कळायला हवं. त्यासाठी बजाजनगरच्या पाण्याचा उल्लेख सुरुवातीला एकदा तरी येऊ द्या, नाहीतर हा दुवा फुकट जाईल.

इथं चुकीचा हिशेब होऊ शकतो. गारखेड्याला जाणं ही चूक नाही. ‘झोप लागली’ ही चूक आहे, आणि ती वैभवची. बंधन नसलेल्या नात्यात लपवण्याची गरजच काढून टाकलेली असते. तरीही खोटं बोललास, म्हणजे ठराव तूच मोडलास. अश्विनीची बाजूही कोरी ठेवू नका. तिनं दोनदा तरी ‘मला काय फरक पडायलाय’ म्हणलेलं असलं पाहिजे, आणि ते ठसक्यात. पाण्याची रात्र आपल्याला महत्त्वाची आहे हे तिनं कधी सांगितलं नाही. याला मी दोष म्हणणार नाही, पण वैभवला भांडणात ते बोलून दाखवायचा हक्क आहे. तो त्याला द्या. तुमच्या मसुद्यात तो नुसता मान खाली घालून उभा आहे, म्हणून तो गुन्हेगार दिसतो.

तिचं दुखणं मात्र या हिशेबात बसवू नका. कुणाचीच चूक नसती, त्यानं सकाळी खरं सांगितलं असतं, तरी तिला लागलंच असतं. हे तिच्या तोंडी एका वाक्यात येऊ द्या. दोन वाक्यांत आलं की भाषण होतं.

वेळेचं सांगतो. चाळीस मिनिटांची एकांकिका धरली तर ठराव सहाव्या मिनिटाच्या आत, पहिलं पाणी दहाव्याला, वीज गेलेली रात्र बाविसाव्याच्या आसपास, ‘गारखेड्यातपण दाब नव्हता’ सत्ताविसाव्याला. भांडण पाच मिनिटांच्या वर गेलं की पात्रं तेच तेच बोलायला लागतात. भांडताना दोघांची घरची बोली बाहेर आणा. ती माजलगावची असेल तर ‘कामून खोटं बोललास?’ असंच म्हणेल, ‘तू असं का केलंस’ असं नाही. ठराव करताना मात्र दोघं ऑफिसातली नीट मराठी बोलतात. हा फरक अभिनेत्यांना शिकवावा लागत नाही, फक्त संहितेत तो पुसू नका.

नम्रताला मंचावर आणा. दोघांचा ठराव तिला माहीत आहे का, हा प्रश्न तुमच्याकडं विचारलेलाच नाही. तिला माहीत नसेल, तर सगळ्यात जास्त फसवणूक तिची झालीय आणि अश्विनीही त्यात थोडी सामील आहे. चार मिनिटांचा एक प्रवेश पुरे.

एका ठिकाणी ‘माझा खाजगी प्रश्न’ हे उत्तर चालत नाही: निरोध वापरतोय की नाही आणि तपासणी केलीय की नाही. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी फुकट आणि गोपनीय होते, १०९७ या क्रमांकावर माहिती मिळते. जोखमीनंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. हे लपवणारं पात्र दोषी, तिथं दोन बाजू नाहीत. आणि ‘केस करीन’ हा संवाद काढा. भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, १ जुलै २०२४ पासून लागू, हे पाळायचा इरादा नसताना दिलेल्या लग्नाच्या वचनासारख्या फसवणुकीबद्दल आहे. तुमच्या गोष्टीत लग्नाचं वचन नाही हे पहिल्याच पानावर लिहिलंय.

आता तालमीला येऊन बसणाऱ्या त्या मंडळींबद्दल. ‘असलं पुण्या-मुंबईत होतं, आपल्या मराठवाड्यात नाही.’ हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही संहिता इकडं नसेल. वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांत बीड-परभणी-हिंगोलीहून आलेली, घरापासून लांब एकेकट्या खोल्यांत राहणारी पोरं-पोरी काय फक्त पाळीचे तास मोजतात? होतं, सर्रास होतं, फक्त किंमत सारखी पडत नाही. पहाटे तीनला गाडी आली की घरमालकीण वैभवला काही विचारत नाही, अश्विनीला विचारते. खोली सोडायला अश्विनीलाच सांगतात. सिडको बसस्टँडवर गावचं कुणी दिसलं की चार पावलं मागं तीच सरकते. हे दाखवलंत तर ‘मराठवाड्यातलं नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागणार नाही. आणि शेवटी तिला गावाकडं पाठवून लग्न लावून देऊ नका. परीक्षकांना तो शेवट आवडतो, कारण त्यात कुणाला तरी शिक्षा झाल्यासारखं वाटतं. त्या एका गुणासाठी बऱ्याच चांगल्या संहितांची माती झालीय.

एक राहिलं. वैभव तिचा साहेब असेल, किंवा खोलीचं भाडं तोच भरत असेल, तर वरचा सगळा हिशेब रद्द, कारण मग ठरावच मोकळेपणानं झालेला नाही. भांडणानंतर तो तिचे फोटो पसरवायची धमकी देत असेल तर तो गुन्हा आहे, आणि तुम्ही वेगळी एकांकिका लिहिताय.