फिक्सी सायकलचा मागचा कॉग घरी काढता येतो का? लॉकरिंग हलतच नाहीये

घरी नक्की काढता येतो. कॉग म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, लॉकरिंग म्हणजे कॉगला बाहेरून अडवणारी रिंग. पण तुम्ही लिहिलंय की पान्याला पाइप लावून जोर केला तरी लॉकरिंग हलत नाही. माझा अंदाज, तुम्ही ती उघडत नाही, आवळताय. तिचे आटे उलटे असतात. चेनच्या बाजूने बघत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा, सुटेल. टेबल फॅनच्या पात्यावरची टोपी सुटते ना, तशीच.

कॉगचे आटे मात्र सरळ. पेडल पुढे मारलं की तो आपोआप आवळतो. पण फिक्सीत चाक फिरतं तोवर पेडलही फिरतं, त्यामुळे वेग कमी करायला पाय रोखले की तोच कॉग सुटायला बघतो. सुटताना तो लॉकरिंगलाही आपल्यासोबत फिरवू पाहतो आणि आटे उलटे असल्यामुळे ती आणखी घट्ट बसते. म्हणून तर ती लावलेली असते.

हे माहीत असूनही माझं एक हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गेलंय. इथे ग्वाल्हेरला, लश्कर भागात, घराजवळच्या सायकलवाल्याकडे चाक नेलं. त्याने जन्मभर साध्या सायकलींची फ्रीव्हील उघडलेली. म्हटलं, "भैया, उल्टी चूड़ी है." तो म्हणाला, "अरे भाईसाहब, सब ऐसे ही खुलता है," आणि छिन्नी लावून ठोकायला लागला. रिंग पोलादी, हब ॲल्युमिनियमचं. पाच मिनिटांत फरशीवर चंदेरी भुगा पडला. तेव्हापासून हे काम मी अंगणात स्वतःच करतो.

लॉकरिंगसाठी आकड्याचा (हुकासारख्या टोकाचा) पाना लागतो. कॉगसाठी चेन व्हिप. नाही मिळाली तर जाड लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा बोल्टने पक्का करा, मी तीच वापरतो. चेन दातांवर गुंडाळायची, पट्टी घड्याळाच्या उलट ओढायची. अडलं तर आट्यांत गंजावरचं तेल सोडून रात्रभर ठेवा. हातोडी लांब ठेवा.

कॉग निघाला की हब नीट बघा. खऱ्या ट्रॅक हबवर, म्हणजे फिक्सीसाठीच्या हबवर, आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतात: कॉगची 1.37 इंचाची, बाहेरची लॉकरिंगची 1.29 इंचाची. एकच पायरी असेल तर ते फ्रीव्हीलचं हब आहे, कॉगही त्याच आट्यांवर चढतो म्हणून कोणीतरी जुगाड केलाय. त्यावर फिक्स चालवू नका, पाय रोखताना कॉग सुटून येईल.

बसवताना आटे रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, ग्रीस लावा आणि कॉग हातानेच शेवटपर्यंत फिरवा. पहिल्याच फेऱ्यात अडला तर तो तिरका चढलाय, परत काढा. मग चेन व्हिपने आवळा आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट फिरवून बसवा. चेन मधोमध साधारण एक सेंटिमीटर वरखाली हलली पाहिजे.

अजून झालं नाही. चढावर कॉग थोडा आणखी आवळतो, मग त्याच्या आणि रिंगच्या मध्ये फट पडते. मी किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ उभं राहून पेडल मारत जमेल तेवढा चढतो, दम गेला की थांबतो आणि तिथेच रिंग पुन्हा आवळतो. पहिल्या वेळी पाना घरी राहिला होता. मग कड्यातल्या जैन मूर्तींच्या समोरून सायकल हातात धरून चालत खाली आलो, कारण उतारावर पाय रोखावे लागतात आणि पुढचा ब्रेक असला तरी ढिल्या रिंगवर माझा तेवढा भरवसा नाही.